ताप नसतो त्या दिवशी रक्तात काय चाललेलं असतं?

पत्र

नमस्कार डॉक्टरताई,

आम्ही धानोरा तालुक्यातले. माझा मुलगा वीस वर्षांचा आहे, मुंबईला बिल्डिंगच्या साइटवर कामाला आहे. ऑगस्टमध्ये त्याला थंडी वाजून ताप आला. पहिल्या दिवशी रक्त तपासलं, काही निघालं नाही. दोन दिवसांनी परत तपासलं तर पी.व्ही. मलेरिया निघाला. एक दिवस फणफणून ताप आणि दुसऱ्या दिवशी एकदम ठणठणीत, असं चाललं होतं. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप गेला. पुढे चौदा दिवसांच्या वेगळ्या गोळ्या होत्या. त्या त्याने चार दिवस घेतल्या आणि पोटात जळजळ होते म्हणून सोडून दिल्या. दिवाळीला घरी आला आणि परत तोच ताप. आमच्याकडे मच्छरदाणी आहे, मग परत कसा झाला? गोळ्या खोट्या होत्या का? त्याच आठवड्यात शेजारची पोरगी पी.एफ. मलेरियाने बेशुद्ध पडली, तिला गडचिरोलीला न्यावं लागलं. मलेरिया एकच ना, मग तिला एवढा कसा चढला? आमच्या घरात सिकलसेलचे 'एएस' आहेत, माझा मुलगाही आहे. लोक म्हणतात, अशांना मलेरिया होत नाही. खरं काय ते सांगा. आणि मुलाला कामावर परत पाठवू का?

– एक आई

उत्तर

ताई, सगळ्यात आधी एक काम करा. मुलाला आज ताप असो वा नसो, उपकेंद्रात न्या किंवा आशाताईंना घरी बोलवा, आणि त्याचं रक्त तपासून घ्या. मुंबईचे कागद असतील तर सोबत ठेवा. सरकारी दवाखान्यात मलेरियाची तपासणी आणि औषध दोन्ही फुकट मिळतं. मला वाटतं, हा ऑगस्टचाच पी.व्ही. (व्हायवॅक्स ही मलेरियाच्या जंतूची एक जात) परत उठला आहे. पण तुमच्या जंगलपट्ट्यात पी.एफ. (फॅल्सिपॅरम ही दुसरी जात) हाही भरपूर आहे, त्यामुळे घरात उरलेल्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. जंतू कोणता हे कळल्यावरच औषध ठरतं.

तुम्ही विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तांबड्या रक्तपेशीच्या आत सापडतात. मी बरीच वर्षं रक्ताच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहते आहे. माझं ठाम मत आहे, की त्या पेशीत काय चालतं हे आपण पेशंटला नीट सांगितलं, तर गोळ्या अर्ध्यावर सोडणारे फार थोडे उरतील. आपण चिठ्ठी देतो, 'कोर्स पूर्ण करा' म्हणतो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतो. वीस वर्षांच्या पोराने ताप उतरल्यावर, पोटात जळजळ होत असताना, आणखी दहा दिवस गोळ्या का खाव्यात हे कुणी त्याला सांगितलंच नसेल, तर त्याला दोष कसा द्यायचा?

अ‍ॅनॉफिलिस जातीच्या डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून थोडेसे जंतू त्वचेत उतरतात. रक्तातून वाट काढत ते यकृतात पोचतात आणि तिथल्या पेशीत शिरतात. पी.व्ही.चा जंतू तिथे साधारण आठवडाभर वाढतो. या काळात ताप नसतो, रक्तातही काही सापडत नाही. मग यकृतातली ती पेशी फुटते आणि एकाचे झालेले हजारो बारीक जंतू रक्तात येतात. आजार जाणवायला लागतो तो इथून पुढे.

तांबडी पेशी किती लहान असते? एका मिलीमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या सात-आठ भागांएवढी. जंतू त्याहून कितीतरी लहान, जेमतेम एक-दीड भागाचा. रक्तात मोकळा सुटल्यावर त्याच्या हातात वेळ फार थोडा असतो. काही मिनिटांत पेशी मिळाली नाही तर तो निकामी होतो. पेशीला चिकटला की तो स्वतःला वळवून आपलं टोक तिच्याकडे करतो, तिथे घट्ट पकड बसवतो आणि अर्ध्या-एक मिनिटात आत सरकतो. पेशीचं आवरण तो फाडत नाही. ते आत दाबत जातो आणि त्याचीच पिशवी स्वतःभोवती ओढून घेतो. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून हे चित्रित केलेलं आहे. जंतू आत जाताना पेशी हेलकावते, गेल्यावर काही मिनिटं तिच्यावर काट्यांसारखी टोकं उमटतात, आणि मग ती पुन्हा गुळगुळीत होते, जणू काही घडलंच नाही.

पी.व्ही. आणि पी.एफ. यांच्या स्वभावातला फरक इथेच सुरू होतो. पी.व्ही.ला आत शिरायला पेशीच्या पृष्ठभागावर डफी नावाचं एक प्रथिन लागतं. पश्चिम आफ्रिकेत बहुसंख्य लोकांच्या पेशींवर हे डफी नसतं, म्हणून तिकडे पी.व्ही. फार कमी आढळतो. आपल्याकडे बहुतेकांच्या पेशींवर ते असतं. शिवाय पी.व्ही.ला लागतात त्या अगदी कोवळ्या पेशी, अस्थिमज्जेतून नुकत्या बाहेर पडलेल्या. निरोगी माणसाच्या रक्तात अशा पेशी शंभरात एक-दोनच असतात. त्यामुळे पी.व्ही.ची संख्या वाढून वाढून एका मर्यादेपर्यंतच वाढते. पी.एफ.ला असं काही बंधन नाही. कोवळी, जुनी, कोणतीही पेशी त्याला चालते. तुमच्या शेजारच्या मुलीची गोष्ट इथून सुरू होते. तिच्याकडे पुढे येते.

आत गेल्यावर पहिला जवळपास एक दिवस जंतू अंगठीसारखा दिसतो. रंगवलेल्या काचेवर निळसर कडं आणि त्यावर एक लाल ठिपका. मग तो पेशीतलं हिमोग्लोबिन खायला लागतो. आपण 'रक्त कमी आहे' म्हणतो, तेव्हा कमी असतं ते हेच हिमोग्लोबिन. त्यातलं प्रथिन तो पचवतो, पण लोह धरून ठेवणारा जो भाग मागे उरतो, तो त्याच्यासाठीच विष असतो. तो बाहेर टाकता येत नाही म्हणून जंतू त्याचे तपकिरी, निरुपद्रवी स्फटिक करून आपल्या पोटात साठवतो. काचेवर ते बारीक दाण्यांसारखे दिसतात. क्लोरोक्विन घाव घालते ती इथे. ती जंतूच्या पोटात जमते आणि स्फटिक होऊ देत नाही. मग त्याच्याच जेवणातलं विष त्याला मारतं. मुलाला दिलेल्या तीन दिवसांच्या गोळ्या बहुधा याच होत्या. त्या खोट्या असत्या तर ऑगस्टमध्ये ताप उतरला नसता.

तुम्ही म्हणाल, शरीर हे सगळं पाहत का बसतं? कारण तांबड्या पेशीला केंद्रक नसतं. शरीरातल्या इतर पेशी आत काही परकं शिरलं की त्याचा तुकडा आपल्या पृष्ठभागावर मांडतात, आणि तो पाहून संरक्षक पेशी त्या आजारी पेशीला मारतात. तांबड्या पेशीकडे ती सोयच नाही. ती प्राणवायू वाहायला बनलेली आहे, साधारण १२० दिवस तेवढंच काम करते आणि संपते. जंतूने लपायला नेमकी हीच पेशी निवडली आहे.

दुसऱ्या दिवशी जंतू आतल्या आत विभागतो. पी.व्ही.मध्ये एकाचे साधारण बारा ते चोवीस होतात. आत शिरल्यापासून सुमारे ४८ तासांनी पेशी फुटते. ते सगळे बाहेर पडतात आणि मिनिटाभरात नव्या पेशींत शिरतात. ताप येतो तो या फुटण्याचा. हजारो-लाखो पेशी जवळपास एकाच वेळी फुटतात, त्यातून ते तपकिरी स्फटिक आणि जंतूचा इतर कचरा रक्तात सांडतो. संरक्षक पेशी खवळून अशी रसायनं सोडतात, की मेंदू शरीराचं तापमान वर चढवतो. आधी हुडहुडी भरते, दोन रग टाकले तरी थंडी जात नाही. मग अंग भाजतं. मग दरदरून घाम येतो आणि माणूस गाढ झोपतो. इटलीत कामिल्लो गोल्जी यांनी १८८५-८६ मध्ये पेशंटच्या रक्ताचे नमुने वेळेवारी पाहून हा मेळ दाखवला, की तापाची वेळ हीच जंतू फुटण्याची वेळ असते. त्याच्या पाचच वर्षं आधी, १८८० मध्ये, अल्जेरियातल्या लष्करी इस्पितळात लाव्हरान यांनी हा जंतू रक्तात पहिल्यांदा पाहिला होता. जंतूच्या आत स्वतःचं घड्याळ असतं, हे मात्र प्रयोगांनी अगदी अलीकडे, २०२० मध्ये दाखवलं.

तेव्हा तुमचा मुलगा 'एकदम ठणठणीत' असायचा त्या दिवशी जंतू विश्रांती घेत नव्हता. तो पेशीत बसून हिमोग्लोबिन खात होता आणि पुढच्या दिवसाची तयारी करत होता. ताप नाही म्हणून त्या दिवशी कामावर जाणारे, गोळी चुकवणारे किती जण असतात हे मी पाहिलेलं आहे. अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. एक दिवसाआड ताप हे चित्र दर वेळी इतकं स्वच्छ नसतं. सुरुवातीचे काही दिवस जंतू एका तालात नसतात, तेव्हा रोज ताप येऊ शकतो. पी.एफ.मध्ये तर बऱ्याचदा ताल लागतच नाही. 'रोज येतोय, म्हणजे मलेरिया नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आता पहिल्या दिवशी रक्तात काही का निघालं नाही ते पाहू. रक्ताच्या एका घन मिलीमीटरमध्ये साधारण ५० लाख तांबड्या पेशी असतात. सराईत तंत्रज्ञाला जाड थेंबाच्या काचेवर त्यात ५० जंतू असले तरी सापडू शकतात, म्हणजे लाखात एक पेशी. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त धरलं, तर तोवर जंतूंची संख्या २५ कोटींवर गेलेली असते. त्याहून कमी असताना काच कोरी दिसू शकते, बोटातून थेंब घेऊन करतात ती किटची तपासणीही चुकू शकते. ज्याला आधी मलेरिया झालेला नाही, त्याला तेवढ्या कमी जंतूंवरही ताप चढतो. म्हणून पहिल्या दिवशीचा रिपोर्ट कोरा आला तर लॅबला दोष देऊ नका. ताप राहिला तर १२ ते २४ तासांनी पुन्हा, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदाही रक्त द्या. तुम्ही दोन दिवसांनी पुन्हा तपासलंत हे फार चांगलं केलंत.

मग मच्छरदाणी असूनही परत कसा झाला? याचं उत्तर मात्र रक्तात नाही, यकृतात आहे. १९४८ मध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी यकृतातला टप्पा शोधला, तरी पी.व्ही. महिन्यांनी परत का येतो हे कोडं सुटायला आणखी तीसेक वर्षं गेली. १९८०च्या सुमारास कळलं, की यकृतात उतरलेले सगळे जंतू लगेच वाढत नाहीत. काही तिथेच झोपून राहतात. बांधात पडलेलं गवताचं बी कोरड्या दिवसांत दिसत नाही आणि वेळ आली की फुटतं, तसे हे काही आठवड्यांनी किंवा कित्येक महिन्यांनी जागे होतात आणि रक्तात उतरतात. त्याला नवा डास चावावा लागत नाही. क्लोरोक्विन रक्तातल्या जंतूंना मारते, या झोपलेल्यांना तिचा काहीच त्रास होत नाही. ते हिमोग्लोबिन खातच नाहीत, तर त्यांच्या पोटात विष साठणार कुठून?

चौदा दिवसांच्या त्या वेगळ्या गोळ्या, प्रायमाक्विनच्या, यकृतातल्या या झोपलेल्या जंतूंसाठी असतात. चार दिवस घेऊन सोडल्या तर त्यातले काही जगतात. तुमच्या मुलाचं बहुधा तेच झालं. नवा डास चावून नवा मलेरिया झाला असण्याची शक्यता अगदीच नाही असं नाही, पण उपचार त्यामुळे बदलत नाहीत. पुन्हा पी.व्ही. निघाला तर तीन दिवसांच्या गोळ्या पुन्हा आणि चौदा दिवसांच्याही पुन्हा, पहिल्या दिवसापासून. मागचे चार दिवस त्यात मोजायचे नाहीत.

पोटातल्या जळजळीवर उपाय सोपा आहे. प्रायमाक्विन रिकाम्या पोटी घ्यायची नाही, भाकरी-भात पोटभर खाऊन घ्यायची. बहुतेकांचा त्रास एवढ्याने थांबतो. तरी थांबला नाही तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. आशाताईंना विनंती करा, की रोजची गोळी समोर उभं राहून घ्यायला लावा. पोरगं आईला 'घेतली' म्हणून सांगतं, आशाताईंना तसं सांगता येत नाही.

गोळ्या सुरू करण्याआधी एक तपासणी मात्र मागून घ्या, जी-सिक्स-पी-डी. हे तांबड्या पेशीला जपणारं एक एन्झाइम आहे. काही माणसांत ते जन्मतःच कमी असतं, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. अशा माणसाने प्रायमाक्विन घेतली तर जंतू नसलेल्या चांगल्या पेशीही फुटायला लागतात. मध्य भारतातल्या काही आदिवासी समाजांत आणि पारशी समाजात ही कमतरता बऱ्यापैकी आढळते. मुलाने मागच्या वेळी चार दिवस गोळ्या घेतल्या आणि फक्त जळजळ झाली, हे चांगलं लक्षण आहे, पण तपासणीची जागा ते घेत नाही. गोळ्या चालू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली किंवा चेहरा एकदम पांढरा पडला, तर त्याच क्षणी गोळी थांबवून दवाखाना गाठायचा. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला हे औषध देत नाहीत, म्हणून घरात उरलेली गोळी कुणालाही द्यायची नाही.

शेजारच्या मुलीबद्दल वाचून काळजी वाटली. दोन्ही मलेरियाच, दोन्ही डासानेच येतात, पण पी.एफ. पेशीशी वागतो ते फार वेगळं. पेशीत शिरून एक दिवस झाला, की तो स्वतः बनवलेलं एक चिकट प्रथिन पेशीच्या बाहेरच्या बाजूला पाठवतो आणि पेशीवर बारीक गाठी उठतात. अशी पेशी मग रक्ताबरोबर फिरत नाही. ती बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते, मेंदूत, मूत्रपिंडात, आतड्यात. जंतूचा यात फायदा असा, की पाणथरीतून (प्लीहेतून) जावं लागत नाही. बिघडलेल्या पेशी गाळून नष्ट करणं हे पाणथरीचं काम आहे, आणि हा तिथे फिरकतच नाही. मेंदूतल्या वाहिन्या अशा तुंबल्या की माणूस बडबडतो, झटके येतात, शुद्ध हरपते. शरीराने त्या प्रथिनाविरुद्ध हत्यार तयार करावं, तर जंतूकडे त्याचे साठेक नमुने असतात. एक ओळखला गेला की तो दुसरा पुढे करतो.

यातून निघणारी एक गोष्ट तुम्हाला प्रत्यक्ष उपयोगी आहे. पी.एफ.च्या काचेवर आम्हाला बहुधा कोवळ्या अंगठ्याच दिसतात, वाढलेले जंतू आत कुठेतरी चिकटून बसलेले असतात. त्यामुळे 'काचेवर थोडेच जंतू आहेत' हा दिलासा खोटा ठरू शकतो. डॉक्टर त्या मुलीला ठेवून घेत असतील तर घरी नेण्याची घाई कुणी करू नये. तापात माणूस उठून बसू शकत नाही, पाणी पोटात टिकत नाही, बोलणं असंबद्ध होतं, लहान मूल अंगावर पीत नाही, यातलं एक जरी दिसलं तर रात्र असली तरी निघायचं. अशा वेळी आर्टेसुनेटचं इंजेक्शन जीव वाचवतं, आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं.

सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. त्याबद्दल लोक म्हणतात ते अर्धं खरं आहे. १९५४ मध्ये अ‍ॅन्थनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं, की ज्यांच्यात सिकलसेलचा एकच जनुक आहे, म्हणजे आपल्या भाषेत 'एएस', त्यांना पी.एफ.चा त्रास कमी होतो. जंतू शिरलेली त्यांची पेशी लवकर वाकडी होते आणि पाणथरी तिला उचलून घेते. चिकटणारं प्रथिनही तिच्यावर नीट मांडलं जात नाही. पण हे संरक्षण मुख्यतः पी.एफ.च्या गंभीर रूपापासूनचं आहे. मलेरिया होणारच नाही असं त्यातून निघत नाही, आणि पी.व्ही.च्या बाबतीत त्यावर विसंबूच नये. तुमचा मुलगाच त्याचं उदाहरण आहे. घरात कुणी 'एसएस', म्हणजे सिकलसेलचे दोन्ही जनुक असलेलं, असेल तर त्याची जास्त काळजी घ्या. त्याच्यासाठी मलेरिया फार धोक्याचा असतो, त्याला ताप आला की त्याच दिवशी तपासणी.

कामाचं विचारलंत. माझा सल्ला, चौदा दिवस पूर्ण होईपर्यंत त्याला घरीच ठेवा. रोजगार बुडतो हे मला कळतं. पण पुन्हा अर्धवट सोडलं तर पुढच्या खेपेला याहून जास्त दिवस बुडतील, आणि दर खेपेला पेशी फुटून त्याचं रक्तही कमी होत जाईल. या दिवसांत त्यालाही मच्छरदाणीतच झोपवा. पी.व्ही.मध्ये डासात जाऊन वाढणारे नर-मादी जंतू रक्तात फार लवकर तयार होतात. त्याला चावलेला डास ते पुढे तुमच्याच घरात नेऊ शकतो. जाणं अगदीच टळत नसेल, तर उरलेल्या गोळ्या मोजून आणि आत्ताचा रिपोर्ट सोबत द्या. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यात तो दाखवून पुढची तपासणी होते. तिथला मलेरियाचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. साइटवरची उघडी पिंपं, टाक्या, क्युरिंगसाठी साठवलेलं पाणी या त्याच्या जागा. मुकादमाला सांगून त्या झाकायला लावणं किंवा आठवड्यातून एकदा कोरड्या करून घासणं, एवढं मुलगा नक्की करू शकतो.

आणि येत्या वर्षभरात त्याला कुठेही, कसलाही ताप आला, तर डॉक्टरांसमोर बसल्यावर त्याने पहिलं वाक्य हे बोलायचं: 'मला ऑगस्टमध्ये पी.व्ही. झाला होता, दिवाळीत परत ताप आला.' दिवाळीच्या तापाचा रिपोर्ट काय आला आणि चौदा दिवसांच्या गोळ्या पूर्ण केल्या की नाही, तेही खरं सांगायचं.